ठणठणाट बिस्किटे, निव्वळ वजन शून्य

मापवाले टेम्पो घेऊन कपाट आणायला गेले आणि कपाटाचं दार घेऊन आले.

दारही एकच, डावीकडचं. जिन्याच्या वळणावर ते दार, दोन हमाल आणि घामाघूम नवरा, म्हणजे खुद्द मापवाले, असा सगळा ऐवज अडकलेला बायकोने वरून पाहिला आणि शांतपणे विचारलं, "अहो, आणि कपाट?"

"कपाट नको होतं," मापवाले म्हणाले.

बायकोने पुढे काही विचारलं नाही. कुठल्या उत्तरावर दुसरा प्रश्न विचारायचा आणि कुठल्या उत्तरावर गॅस बंद करायला आत जायचं, हे एवढ्या वर्षांच्या संसारात तिला चांगलं कळलं होतं. ती आत गेली.

झालं होतं ते एवढंच. मापवाल्यांची ताई आईवडिलांचं जुनं घर रिकामं करत होती. रविवारपर्यंत काय हवं ते घेऊन जा, नाहीतर भंगारवाला नेईल, असा तिने भावाला फोन केला. आणि कपाटाच्या डाव्या दाराला आतल्या बाजूने मापवाल्यांचं अख्खं बालपण चिकटवलेलं होतं. त्या काळी च्युइंगगमच्या पाकिटात एकेक स्टिकर निघायचं. खऱ्या मालाच्या लेबलांची टिंगल करणारी स्टिकरं. 'दातपाड मंजन', 'गळती केशतेल, एका बाटलीत टक्कल पक्कं', 'डाग साबण, दोन धुण्यांत कपडा कुणाचा ते ओळखू येणार नाही'. अशी एकूण चाळीस. प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक नंबर. छोट्या मापवाल्यांचा आणि ताईचा करार असा होता की पाकीट त्याने आणायचं, स्टिकर त्याचं आणि गम तिचा. तीन वर्षं गम चावून चावून ताईचा जबडा दुखायला लागला, पण सतरा नंबर काही निघाला नाही. दारावर एकोणचाळीस स्टिकरं होती आणि सोळा व अठराच्या मध्ये पेन्सिलीने पट्टी लावून आखलेला एक रिकामा चौकोन होता.

टेम्पोत दार चढवताना मापवाले ताईला म्हणाले, "सतरा तेवढा राहिला बघ." एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारी ताई तेव्हा एकदम हमालांना दोरी नीट बांधायला सांगू लागली. मापवाल्यांच्या ते लक्षात आलं नाही. शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, हा तर त्यांचा धर्मच होता.

तो धर्म जरा समजून घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला. मापवाले वेष्टन तपासणी कार्यालयात होते. बाजारात येणाऱ्या प्रत्येक डब्याचं, बाटलीचं, पुड्याचं लेबल आधी या कार्यालयात मंजूर व्हावं लागे. तिथे दोन टेबलं होती, एक मापाचं आणि एक मजकुराचं. मापाच्या टेबलावर अक्षरांची उंची, ओळींमधलं अंतर आणि समास मोजायचे. मजकुराच्या टेबलावर लेबल वाचायचं. त्या टेबलावरचे मजकूरवाले आणि हे मापवाले एकाच वर्षी नोकरीला लागले होते. वाचायला लागलं की माणूस मजकुरात गुंततो आणि मापात चुकतो, असं मापवाल्यांचं ठाम मत होतं. म्हणून त्यांनी काळ्या पुठ्ठ्याची एक खिडकी कापली होती. ती लेबलावर ठेवली की एका वेळी एकच ओळ दिसे, आणि वर भिंग धरलं की त्या ओळीतलीही दोन-तीनच अक्षरं. अशा रीतीने एकतीस वर्षं त्यांनी हजारो लेबलं पाहिली आणि एकही वाचलं नाही. एकतीस वर्षांत एकही चूक नाही, हे वाक्य त्यांच्या निरोप समारंभाच्या मानपत्रात टंकलेखिकेने आधीच टाइप करून ठेवलं होतं. निवृत्ती बारा आठवड्यांवर आली होती.

तर दार बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभं राहिलं. आल्यागेल्याला वाटायचं की इथे आणखी एक खोली आहे. बायको म्हणाली की स्टिकरं काढून वहीत लावा आणि हे लाकूड घालवा. मागणी वाजवी होती. पण मापवाल्यांच्या इमारतीत फुकट सल्ल्यांचा सुकाळ होता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, व्हिनेगर उकळून त्याची वाफ द्या, सुटलंच म्हणून समजा. समोरच्या वहिनी म्हणाल्या, वाफ कसली देताय, केस वाळवायचं यंत्र धरा. सुतार म्हणाला की साहेब, करवतीने चाळीस तुकडे करून देतो, एकही स्टिकर दुखावणार नाही. मापवाल्यांनी कोणाचंच मन मोडलं नाही. चार दिवस इमारतीभर आंबूस वास दरवळला. व्हिनेगरने 'डाग साबण' दारावरून गेला, त्याचा डाग तेवढा राहिला. यंत्राच्या गरम हवेने 'गळती केशतेल' इतकं तापलं की त्यावरच्या बाईचे उरलेसुरले केसही गेले. करवत येण्याआधी बायकोने सुतारालाच जिन्यातून परत पाठवलं.

एकोणचाळीसाची सदतीस झाली तेव्हा मापवाले थांबले आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या रिकाम्या चौकोनावर जायची. सतरा नंबर त्यांनी एकदाच पाहिला होता, शाळेत पुढच्या बाकावरच्या मुलाच्या कंपासपेटीवर. त्या काळी 'खणखणीत बिस्किटे' नावाचा एक डबा घरोघरी असे. सतरा नंबरवर त्याची टिंगल होती, 'ठणठणाट बिस्किटे'. उघडा डबा, आत काही नाही, फक्त एक मुंगी आणि तीही परत निघालेली. खाली लिहिलेलं, 'आत काहीही नाही. हमी.' अजून डोळ्यांसमोर आहे, असं मापवाले बायकोला म्हणाले. बायको म्हणाली की परवा चष्मा डोळ्यांवर असताना घरभर शोधत होतात. पण मापवाल्यांचं ठरलं होतं. स्टिकर मिळत नाही ना, मग तसंच नवं छापून घ्यायचं.

बाजाराच्या मागे एक छापखाना होता. प्रेसवाला अर्ध्या गावाची लेबलं छापायचा, त्यामुळे मापवाल्यांच्या कार्यालयाला तो वर्षानुवर्षं टरकून होता. साक्षात मापवालेच दुकानात आलेले पाहून तो उभाच राहिला. मापवाल्यांनी त्याला मुंगीसकट सगळं चित्र सांगितलं, मजकूर सांगितला, ऑर्डरच्या वहीत आपलं नाव आणि घरचा पत्ता लिहून दिला आणि निघताना बजावलं, "खऱ्या लेबलात जे जे असतं ते सगळं यात हवं. खोटं आहे म्हणून काही कमी करायचं नाही."

प्रेसवाल्याची त्या दिवशी जेवणावरची वासना उडाली. तपासणी कार्यालयाचा माणूस, निवृत्तीला बारा आठवडे राहिलेला, असलं वेडंवाकडं लेबल छापायला देतो, त्या अर्थी ही परीक्षाच आहे, असं त्याने ताडलं. आपण नियम पाळतो का हे बघायला साहेबांना धाडलं आहे. प्रेसवाला नापास होणारा माणूस नव्हता. खऱ्या लेबलासारखं म्हणजे काय, तर अर्ज भरायचा, फाइल करायची आणि दर सोमवारी कार्यालयात जाणाऱ्या नमुन्यांच्या गठ्ठ्यात तीही घालायची. त्याने तसंच केलं. निर्मात्याच्या रकान्यात वहीतलं नाव आणि पत्ता उतरवला.

गठ्ठा मापाच्या टेबलावर आला. मापवाल्यांनी चौथी फाइल उघडली. नमुने काळ्यापांढऱ्यात येत आणि चित्राचा कागद वेगळा असे, तो बघायचं मापवाल्यांना कारणच नव्हतं. खिडकी ठेवली, भिंग धरलं. अक्षराची उंची दीड मिलिमीटर, हवी दोन. निव्वळ वजन नाही. निर्मात्याच्या पत्त्याची ओळ समासात घुसलेली. मापवाल्यांनी जीभ टाळूला लावून नापसंतीचा एक आवाज केला आणि फाइलवर तीन आक्षेप ओढून ती परत पाठवली.

आठवड्याने ते स्टिकर झालं का विचारायला छापखान्यात गेले. प्रेसवाला म्हणाला, वरून आक्षेप आलेत. छापखान्याच्या वरच्या माळ्यावर एक म्हातारे मुद्रितशोधक बसत. मापवाल्यांना वाटलं, त्यांनीच काढले असतील. त्यांनी उत्सुकतेने विचारलं की कसले आक्षेप. अक्षर बारीक आहे, वजन नाही आणि समास चुकलाय, असं प्रेसवाल्याने भीत भीत सांगितलं. मापवाल्यांचा चेहरा उजळला. हल्ली अशी माणसं राहिली नाहीत, म्हणाले, आक्षेप घेणारा माणूस फार जाणकार दिसतो. प्रेसवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. स्वतःचं लेबल स्वतः परत पाठवायचं आणि वर स्वतःची स्तुतीही करायची, असा कडक अधिकारी त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

वजन काय टाकायचं ते विचारायची त्याची छाती झाली नाही. डबा रिकामा, म्हणून त्याने शून्य ग्रॅम टाकलं. फाइल दुसऱ्यांदा आली. शून्याची उंची अर्धा मिलिमीटर कमी भरली, म्हणून मापवाल्यांनी ती पुन्हा परत पाठवली. तिसऱ्यांदा मात्र सगळं काटेकोर होतं. इतकं सुबक काम बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही असं मापवाले स्वतःशी म्हणाले आणि खाली सही केली. मग मजकूरवाल्यांची सही झाली, मग कार्यालयाच्या प्रमुख मॅडमची. छापखान्यातून पाचशे स्टिकरं घरी आली, कारण त्याहून कमी छापत नाहीत. मापवाल्यांनी त्यातलं एक चौकोनात लावून पाहिलं. तंतोतंत बसलं. त्या संध्याकाळी ते लहान मुलासारखे दारासमोर बसून होते आणि बायकोलाही, कधी नव्हे ते, बरं वाटलं.

पुढच्या गुरुवारी पोस्टमन घरी एक पाकीट देऊन गेला. पाकीट मापवाल्यांच्या ओळखीचं होतं. त्यांच्याच कार्यालयाचं. आतलं पत्रही ओळखीच्या नमुन्यातलं होतं, पण ते त्यांना पहिल्यांदाच वाचावं लागलं. 'आपल्या ठणठणाट बिस्किटे या उत्पादनाचे वेष्टन मंजूर झाले असून नियमानुसार आपल्या कारखान्याची पाहणी शनिवारी सकाळी अकरा वाजता करण्यात येईल. यंत्रसामग्री चालू स्थितीत ठेवावी.' सोबत मंजुरीची प्रत जोडलेली होती. तिच्यावर पहिली सही मापवाल्यांची होती.

मापवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते भिंतीला हात लावायला गेले आणि चुकून दाराला टेकले. दार घसरलं, त्याच्यासोबत तेही घसरले. आवाज ऐकून बायको बाहेर आली, तर नवरा जमिनीवर दाराशेजारी बसलेला आणि हातातल्या कागदाकडे असा बघतोय, जणू कागदच त्याच्याकडे बघतोय. तिने पत्र घेऊन वाचलं. दोनदा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे तुम्ही हे न वाचताच सही केलीत?"

"मी मोजलं," मापवाले म्हणाले.

शनिवारी पाहणी शाखेचे दोघे आले. दोघेही मापवाल्यांना वीस वर्षं ओळखत होते, दोघांनीही त्यांच्या घरी जेवण केलं होतं. त्यामुळे ते इतके शरमले होते की दारात चपला काढून उभेच राहिले. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी मान खाली घालून विचारलं की भट्टी कुठे आहे. मापवाल्यांनी आपल्याकडे भट्टी नाही असं सांगितलं असतं तर गोष्ट मिटली असती. तेवढ्यात वरचे कंपाउंडर जिना उतरून आले आणि आपण होऊन साक्ष देऊ लागले की चार दिवस या घरातून काहीतरी उकळत असल्याचा वास येत होता, मला तेव्हाच शंका आली होती. व्हिनेगरचा सल्ला यांनीच दिला होता, पण ते त्यांच्या स्मरणात नव्हतं. मग समोरच्या वहिनी आल्या. त्यांना मदतच करायची होती. भट्टीचं माहीत नाही, पण या घरात रिकामे डबे मात्र खूप आहेत, असं त्यांनी प्रेमाने सांगितलं.

पाहणीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माल रिकामा डबा, घरात रिकामे डबे आणि पाचशे लेबलं तयार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्यांनी स्वयंपाकघरातून तीन डबे घेतले, त्यांवर लेबल लावलं, लाखेचं सील केलं आणि नमुने म्हणून प्रयोगशाळेकडे पाठवले. त्यातल्या एका डब्यात बायको रवा ठेवायची. तो रवा तिने पातेल्यात ओतून दिला आणि वर झाकण आपटलं.

प्रयोगशाळेचा अहवाल बुधवारी आला आणि त्याने कार्यालय हादरलं. गेल्या नऊ वर्षांत तपासलेल्या मालात वेष्टनावरचा मजकूर आणि आतला माल शंभर टक्के जुळणारा हा पहिलाच नमुना होता. आत काहीही नाही असं लिहिलं होतं आणि आत काहीही नव्हतं. निव्वळ वजन शून्य लिहिलं होतं आणि तीनही नमुन्यांत ते शून्य भरलं. त्यामुळे मंजुरी रद्द करायला कारणच उरलं नाही. उरली ती एकच गोष्ट. सरकारी माणसाने घरी कारखाना काढला होता आणि त्याला स्वतःच मंजुरी दिली होती. कुंपणानेच शेत खाल्लं, असं टंकलेखिका दबक्या आवाजात म्हणाली आणि तिने मानपत्राचा कागद यंत्रातून काढून खणात ठेवला. मापवाल्यांनी ते पाहिलं. इतका वेळ त्यांना भीती वाटत होती, आता लाज वाटली.

मॅडमनी बोलावलं. वयाने लहान, पण शब्दाच्या पक्क्या. मापवाले म्हणाले की हे उत्पादन नव्हेच, ही नक्कल आहे. आमच्या लहानपणी गमच्या पाकिटात अशी स्टिकरं मिळायची आणि हे त्यातलं सतरा नंबरचं, मुंगीसकट.

मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला मूळ स्टिकर आणून दाखवा. जुळलं तर मी लिहीन की हा तुमचा खासगी छंद होता. नसेल तर दुसरा मार्ग आहे. छापखान्याने हे परस्पर केलं असं लिहून द्या. त्यांची नोंदणी रद्द होईल आणि तुमचं नाव स्वच्छ राहील. सोमवारपर्यंत काय ते ठरवा."

मापवाल्यांनी शाळेतल्या जुन्या सोबत्यांना फोन केले. कंपासपेटीवाल्याचा नंबर तिसऱ्या प्रयत्नात मिळाला. त्याला मापवाले आठवत होते, बाक आठवत होता, कंपासपेटी हरवल्यावर खाल्लेला मारही आठवत होता, पण तिच्यावर स्टिकर होतं असं काही त्याला आठवेना. शेवटी त्यांनी ताईला फोन केला आणि सगळं सांगितलं. एकतीस वर्षांचं नाव त्या सतरा नंबरवर लटकलंय, म्हणाले. मग ताई म्हणाली की मी येते.

रविवारी दुपारी ताई आली. बसलीसुद्धा नाही. पिशवीतून शिवणाचा डबा काढला, डब्यातून सुयांची पुडी आणि पुडीच्या घडीतून एक पिवळट पडलेलं स्टिकर काढून तिने भावाच्या हातावर ठेवलं. कोपऱ्यात नंबर होता, सतरा.

मापवाले थिजले. "हे तुझ्याकडे?"

"दुसऱ्याच वर्षी निघालं होतं. तू पाकीट फोडायला मला दिलंस त्या दिवशी."

"आणि तू लपवलंस? पंचेचाळीस वर्षं?"

"तुझे चाळीस पुरे झाले असते तर तू पाकिटं आणणं बंद केलं असतंस," ताई म्हणाली. "मग मला गम कोणी दिला असता? मला कोण पैसे देत होतं गमला? मुलींनी गम चावायचा नाही म्हणायचे. तुझ्यामुळे मिळायचा तेवढाच. नंतर द्यायचं म्हटलं तर इतकी वर्षं झाली होती की लाज वाटायला लागली."

मापवाल्यांना ताईचा राग येत होता आणि त्याच वेळी दोन वेण्या घातलेली, जिन्याखाली बसून चोरून गम चावणारी ताईही दिसत होती. त्यांनी चष्मा पुसला आणि हातातलं स्टिकर नीट पाहिलं. खिडकीशिवाय, भिंगाशिवाय. मग ते हळूच खाली बसले.

स्टिकरवर बिस्किटांचा डबा नव्हता. मुंगी नव्हती. एक लाकडी मोजपट्टी होती, मध्येच वाकलेली. खाली लिहिलं होतं, 'वाकडी पट्टी. काहीही मोजा, बरोबरच येईल.'

"मग ठणठणाट बिस्किटं?" बायकोने विचारलं.

"असं स्टिकर नव्हतंच कधी," ताई म्हणाली. "मला चाळीसच्या चाळीस पाठ आहेत. ती मुंगीबिंगी तुझ्याच डोक्यातली, छोट्या."

मापवाल्यांना बसलेला हा धक्का आधीच्या सगळ्या धक्क्यांहून मोठा होता. पंचेचाळीस वर्षं जे डोळ्यांसमोर लख्ख दिसत होतं ते कधी नव्हतंच. करायला गेले नक्कल आणि मूळच तयार करून बसले. आणि हातात आलेला एकुलता एक पुरावा उलट त्यांच्याच विरुद्ध बोलत होता. कंपाउंडर नेमके तेव्हा डोकावले आणि सगळं ऐकून म्हणाले की सोपं आहे, प्रेसवाल्यावर ढकला, त्याचं काय जातंय. मापवाल्यांच्या डोळ्यांसमोर तीन वेळा अक्षरं मोठी करून आणणारा, त्यांना बघून खुर्चीतून उठणारा प्रेसवाला आला. त्यांनी कंपाउंडरना जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. भिंतीला टेकलेलं नव्हे, घराचं.

सोमवारी ते मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. मजकूरवालेही तिथेच होते.

"मॅडम, मूळ सापडलं. जुळत नाही," मापवाले म्हणाले. "बिस्किटांचं लेबल माझ्याच डोक्यातून निघालं. मीच छापायला दिलं, मीच दोनदा परत पाठवलं आणि तिसऱ्यांदा मीच मंजूर केलं. वाचलं नाही. हेच नाही, एकतीस वर्षांत एकही वाचलेलं नाही. छापखान्याने फक्त नियम पाळला. त्याला यात ओढू नका."

मॅडम मजकूरवाल्यांकडे वळल्या आणि तुम्ही तरी वाचलं होतं ना, असं त्यांनी विचारलं. मजकूरवाल्यांनी कपाळावरचा घाम टिपला. मापवाल्यांची सही असली की मी डोळे मिटून करतो, म्हणाले, यांचं कधी चुकलंय का. मॅडमच्या कपाळाला आठी पडली. त्या काहीतरी कडक बोलणार होत्या, तोच त्यांची नजर मंजुरीच्या कागदाच्या तळाशी गेली. तिथे तिसरी सही होती. ठळक, वळणदार, खाली दोन रेघा मारलेली. त्यांची स्वतःची.

मॅडमनी उठून दरवाजा आतून बंद केला आणि गेल्या वर्षीच्या मंजूर फायलींतल्या कोणत्याही दहा काढायला सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्या कार्यालयात लेबलं मोठ्याने वाचली गेली. पहिल्या दोन ठीक निघाल्या. तिसरी फाइल डिंकाच्या बाटलीची होती. तिच्यावर लिहिलं होतं, 'जेवणानंतर दोन चमचे'. पाचवी खोकल्याच्या औषधाची. 'काठाला लावून घट्ट दाबून धरावे.' छापताना कुठेतरी दोन लेबलांच्या मजकुराची अदलाबदल झाली होती आणि तीन माणसांनी ती सह्या करून कायम केली होती. सातव्या फाइलीला मजकूरवाले खुर्चीत मागे रेलले. आठवी उघडायची कोणाची हिंमत होईना. मापवाल्यांच्या दारावरची सदतीस लेबलं निदान खोटं बोलत नव्हती.

मॅडम ग्लासभर पाणी प्यायल्या. डिंक आणि औषध आजच बाजारातून मागे घ्यायचे, असं त्यांनी लिहून काढलं. मग ठणठणाट बिस्किटांची फाइल ओढून तिच्यावर शेरा मारला, 'वेष्टन व माल तंतोतंत जुळतात. निर्मात्याने आपण होऊन सर्व सांगितले. आक्षेप नाही.' आणि मापवाल्यांना म्हणाल्या की तुमचे बारा आठवड्यांतले पाच उरलेत. त्या पाच आठवड्यांत जुन्या फायली वाचायच्या. मोजायच्या नाहीत, वाचायच्या. मजकूरवाल्यांनीही, आणि मीही बसेन. बाहेर आल्यावर मापवाल्यांनी आपली पुठ्ठ्याची खिडकी टेबलावरून उचलली आणि खणात तळाशी टाकली. टंकलेखिकेने मानपत्राचा कागद पुन्हा यंत्रात घातला होता. 'एकही चूक नाही' खोडून तिने लिहिलं होतं, 'चूक झाली तेव्हा स्वतः येऊन सांगितली.' मापवाल्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं. अक्षराची उंची किती आहे हे बघायचं त्यांना सुचलंच नाही.

संध्याकाळी घरी येताना ते कोपऱ्यावरच्या दुकानात थांबले. ताई अजून दोन दिवस राहणार होती. घरी येऊन त्यांनी चौकोनातली मुंगी काढून बाजूला लावली आणि तिच्या कोपऱ्यात पेनने एक्केचाळीस लिहिलं. मग खरा सतरा नंबर चौकोनात बसवायला घेतला. तो चार मिलिमीटर लांब होता. बसेना. मापवाल्यांनी क्षणभर स्टिकरवरच्या वाकड्या पट्टीकडे पाहिलं आणि तो तसाच तिरका चिकटवून टाकला.

मग खिशातून दुकानातलं गमचं पाकीट काढून फोडलं. आत स्टिकर नव्हतं. हल्ली नसतंच. गम त्यांनी ताईपुढे धरला. ताईला कवळी होती आणि डॉक्टरांनी असल्या चिकट गोष्टींना तिला सक्त मनाई केली होती. बायकोने तसं बोलूनही दाखवलं. ताईने तोंडातून कवळी काढून वाटीत ठेवली आणि गम तोंडात टाकला.